दोष रक्ताचा की मातीचा?

वर्गात एखादे मूल असे असते की जे चार वर्षांचे होईपर्यंत बोललेच नाही. दुसरे एखादे अंगापिंडाने धडधाकट असते, पण सांगितलेल्या दोन गोष्टींपैकी एकच त्याच्या ध्यानात राहते. तिसरे गेल्या वर्षीपर्यंत बरे शिकत होते आणि यंदा अचानक मागे पडले. अशा मुलांविषयी गावात दोन उत्तरे तयार असतात. पहिले उत्तर, ‘त्यांच्या घराण्यातच आहे ते.’ आणि दुसरे, ‘आईनेच काहीतरी हयगय केली असणार.’ पहिले उत्तर दोष रक्तावर टाकते, दुसरे आईवर. पहिल्या उत्तरानंतर कोणी काही करायला जात नाही, कारण रक्त काही बदलता येत नाही. दुसऱ्या उत्तरानंतर एका बाईचे आयुष्य अपराधी भावनेत जाते.

बालकांच्या मेंदूच्या वाढीतील विकारांचा गेल्या दीडशे-दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर ही दोन्ही उत्तरे विज्ञानानेही कधी ना कधी दिली होती असे दिसते. आणि दोन्ही विज्ञानानेच खोडून काढली. हा इतिहास आपण भंडारा जिल्ह्यातून पाहणार आहोत. धानाची बांधी, शेकडो तळी, पितळेची भांडी आणि सिकलसेलचा आजार या चारही गोष्टी ज्या जिल्ह्यात शेजारी शेजारी नांदतात, तेथे ‘वंश की परिस्थिती’ हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. मात्र आरंभ थोडा दुरून, डोंगराळ मुलखातून करावा लागेल.

घराण्यात आहे म्हणजे रक्तात आहे का?

युरोपातील आल्प्स पर्वताच्या दऱ्यांमध्ये शतकानुशतके एक दृश्य नेहमीचे होते. गावातील बहुतेकांच्या गळ्याला गलगंड, आणि काही घरांत बुटकी, बहिरी-मुकी, लटपटत चालणारी, बुद्धीची वाढ खुंटलेली माणसे. एकाच घरात अशी दोन-तीन मुले जन्मत. आईला गलगंड असे, आजीलाही असे. साहजिकच पुष्कळ जाणत्यांनीही हा दोष रक्ताचा ठरवला. दरीतले लोक आपसातच लग्ने करतात, म्हणून वंश बिघडला, असे स्पष्टीकरण दिले जाई. कोणी दमट हवेला दोष देई, कोणी बर्फ वितळून आलेल्या पाण्याला.

1811 साली बर्नार्ड कूर्त्वा या फ्रेंच रसायनतज्ज्ञाला समुद्रशैवालाच्या राखेतून आयोडीन हे मूलद्रव्य सापडले. 1820 मध्ये जिनिव्हाच्या क्वांदे या डॉक्टरांनी ते गलगंडावर औषध म्हणून दिले. शतकाच्या मध्यावर शातँ या फ्रेंच शास्त्रज्ञाने गावोगावच्या पाण्यातील आणि मातीतील आयोडीन मोजले आणि जेथे ते कमी तेथे गलगंड जास्त असे मांडले, पण विद्वानांच्या सभेला ते पटले नाही. 1895 च्या सुमारास बाउमान या जर्मन शास्त्रज्ञाला गळ्यातील अवटू ग्रंथीतच आयोडीन सापडले, तेव्हा कोडे सुटू लागले. डोंगरउतारावरील मातीतले आयोडीन पावसाने आणि बर्फाने धुऊन जाते. मातीत नाही म्हणून धान्यात नाही, धान्यात नाही म्हणून माणसात नाही. आजी, आई आणि नात यांच्यात रक्ताचे नाते होते हे खरे, पण तिघी एकाच शेतातले धान्यही खात होत्या! घराण्यातून खाली येणारी गोष्ट जनुकच असेल असे नाही, ती शेतजमीनही असू शकते.

पुरावा मिळाला तो शाळांमधून. अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात 1917 पासून मरीन आणि किम्बल यांनी शाळकरी मुलींवर प्रयोग केला. आयोडीनयुक्त क्षार घेतलेल्या दोन हजारांवर मुलींपैकी फक्त 5 जणींना नव्याने गलगंड झाला. तो न घेतलेल्या जवळजवळ तेवढ्याच मुलींमध्ये ही संख्या पाचशेच्या घरात गेली. 1922 पासून स्वित्झर्लंडमध्ये आयोडीनयुक्त मीठ विकले जाऊ लागले आणि त्या दऱ्यांमध्ये पुढे अशी मुले जन्मणे जवळपास थांबले. रक्त तेच होते. लग्नेही त्याच गावांत होत होती. बदलले होते फक्त मीठ.

आपल्याकडे हिमालयाच्या पायथ्याशी हाच आजार होता. रॉबर्ट मॅकॅरिसन या लष्करी डॉक्टरने गिलगिट आणि चित्रालच्या दऱ्यांतील अशा मुलांचे बारकाईने वर्णन करून 1908 साली प्रसिद्ध केले. स्वातंत्र्यानंतर, 1956 मध्ये, डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हिमाचल प्रदेशातील कांगडा खोऱ्यात मोठा प्रयोग मांडला. खोऱ्याचे तीन भाग पाडले. दोन भागांना आयोडीन मिसळलेले मीठ, तिसऱ्याला साधे मीठ. सहा वर्षांत पहिल्या दोन भागांतील गलगंडाचे प्रमाण निम्म्यावर किंवा त्याहून खाली आले, तिसऱ्यात ते होते तेवढेच राहिले. मग तिसऱ्या भागालाही तेच मीठ देण्यात आले. 1962 साली राष्ट्रीय गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला तो याच कामाच्या बळावर.

तरी बराच काळ हा पहाडी लोकांचा आजार आहे अशी समजूत होती. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेने 1980 च्या दशकात नऊ राज्यांतील 14 जिल्ह्यांची पाहणी केली, तेव्हा गलगंडाचे प्रमाण 21.1 टक्के आणि मेंदूची वाढ खुंटलेल्यांचे 0.7 टक्के आढळले. पूर, धूप आणि वर्षानुवर्षांची पिके सपाटीच्या जमिनीतूनही आयोडीन काढून नेतात. म्हणूनच सर्व देशासाठी आयोडीनयुक्त मिठाचे धोरण आले. साध्या खाद्य मिठाच्या विक्रीवर 1997 मध्ये देशभर बंदी घालण्यात आली, 2000 मध्ये ती उठवली गेली आणि 2006 च्या मे महिन्यापासून पुन्हा लागू झाली.

यातील सर्वांत महत्त्वाचा धडा वेळेचा आहे. पापुआ न्यू गिनीमध्ये 1966 पासून झालेल्या एका प्रयोगात स्त्रियांना आयोडीनयुक्त तेलाचे इंजेक्शन देण्यात आले. ज्यांना ते गर्भधारणेपूर्वी मिळाले त्यांची मुले वाचली. ज्यांना गर्भ राहिल्यानंतर मिळाले त्यांच्यापैकी काहींच्या मुलांच्या मेंदूचे नुकसान तोवर होऊन गेले होते. गर्भाची स्वतःची अवटू ग्रंथी पहिल्या काही महिन्यांत कामाला लागलेली नसते. त्या काळात मेंदूतील चेतापेशी आपापल्या जागी जाऊन बसत असतात आणि त्यासाठी लागणारे संप्रेरक आईच्याच रक्तातून येते. घर बांधताना पाया भरण्याच्या दिवशी सिमेंट कमी पडले, तर ते छत घालण्याच्या दिवशी आणून चालत नाही. मेंदूचेही तसेच आहे.

रक्तात आहे म्हणजे अटळ आहे का?

आता उलट बाजू पाहू. जो विकार खरोखरच जनुकातून येतो, त्यापुढे हात टेकायचे काय?

1934 साली नॉर्वेतील ओस्लो शहरात एक आई आपली दोन मुले घेऊन आस्ब्यर्न फ्यॉलिंग या डॉक्टरांकडे आली. दोन्ही मुलांच्या बुद्धीची वाढ झाली नव्हती आणि त्यांच्या अंगाला विचित्र वास येई. ‘हा वास कशाचा?’ हा तिचा प्रश्न आधीच्या डॉक्टरांनी मनावर घेतला नव्हता. फ्यॉलिंग यांनी घेतला. त्यांनी मुलांच्या लघवीत फेरिक क्लोराइड टाकले आणि रंग अनपेक्षितपणे हिरवा झाला. त्या रंगाचा माग काढता काढता एक नवा विकार सापडला. त्याला पुढे फेनिलकीटोन्यूरिया हे नाव मिळाले. प्रथिनांमध्ये फेनिलअ‍ॅलनिन नावाचे एक अमिनो आम्ल असते. त्याचे रूपांतर करणारे विकर या मुलांत नसते, कारण ते घडवणारे जनुक आईकडून आणि वडिलांकडूनही सदोष आलेले असते. आम्ल रक्तात साठत जाते आणि वाढत्या मेंदूला विषासारखे बाधते.

म्हणजे हा दोष पूर्णपणे रक्ताचा, पण विष येते कोठून? ताटातून. बर्मिंगहॅममध्ये बिकेल आणि सहकाऱ्यांनी 1953 साली हे अमिनो आम्ल अगदी कमी असलेला आहार एका बालिकेला दिला आणि तिच्यात सुधारणा दिसली. आधी झालेली हानी मात्र पूर्ण भरून आली नाही. म्हणून विकार जन्मताच ओळखणे आवश्यक होते. ते काम रॉबर्ट गथ्री यांनी केले. त्यांचा स्वतःचा मुलगा बौद्धिक दिव्यांग होता आणि त्यांच्या नात्यातील एका मुलीला हाच विकार होता. नवजात बाळाच्या टाचेतून घेतलेला रक्ताचा थेंब टिपकागदावर वाळवून करायची त्यांची सोपी तपासणी 1960 च्या दशकात पसरू लागली. वेळेवर सापडलेली आणि आहार पाळलेली मुले इतरांसारखीच शाळेत जाऊ लागली. सदोष जनुक त्यांच्या प्रत्येक पेशीत होते आणि आजही तसेच असते, फक्त त्याला बाधा करण्याची संधी दिली गेली नाही.

याच टिपकागदावर पुढे 1974 पासून कॅनडातील क्वेबेक प्रांतात जन्मजात अवटू-दोषाची तपासणी सुरू झाली. या बाळांत ग्रंथीच नीट घडलेली नसते. आईने कितीही आयोडीन घेतले तरी उपयोग नाही. पण पहिल्या दोन आठवड्यांत रोजची एक छोटी गोळी सुरू केली, तर मेंदूची वाढ सहसा व्यवस्थित होते. भारतातील पाहण्यांत हा दोष साधारण हजार बाळांत एकाला आढळतो. संप्रेरक तेच आणि हानीही तीच, पण एकीकडे कारण मातीत आणि दुसरीकडे बाळाच्या घडणीत. नुसते मूल पाहून हा फरक कळत नाही, त्यासाठी तपासणीच करावी लागते.

भंडाऱ्याचे रक्त, भंडाऱ्याची तळी

आता आपल्या जिल्ह्यात येऊ. सिकलसेलचा आजार पूर्व विदर्भात कोणाला सांगावा लागत नाही. वर्गात मधूनच अंग दुखते म्हणून रडणारे, डोळे पिवळे पडलेले, महिन्यातून चार-सहा दिवस गैरहजर राहणारे मूल शिक्षकांच्या परिचयाचे असते. या आजाराचा मेंदूशी असलेला संबंध मात्र कमी जणांना ठाऊक असतो.

शिकागोच्या हेरिक या डॉक्टरांनी 1910 साली विळ्याच्या आकाराच्या रक्तपेशींचे वर्णन केले. 1949 मध्ये लायनस पॉलिंग यांनी दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे हे दाखवले, आणि 1956-57 मध्ये इंग्रॅम यांनी तो एका अमिनो आम्लापुरता आहे हे सिद्ध केले. भारतात हा दोष 1952 मध्ये नीलगिरीतील आदिवासींमध्ये प्रथम आढळला. नागपूरहून शुक्ला आणि सोळंकी यांनी 1958 साली मध्य भारतातील सिकलसेलवर लेख प्रसिद्ध केले, आणि आपल्या भागाचे नाव वैद्यकाच्या नकाशावर आले.

हा दोष इथेच इतका का? 1949 मध्ये जे. बी. एस. हाल्डेन यांनी रक्ताच्या अशा विकारांविषयी एक तर्क मांडला होता, आणि 1954 मध्ये अ‍ॅलिसन यांनी पूर्व आफ्रिकेत सिकलसेलच्या बाबतीत त्याचा पुरावा दिला. ज्याला एका पालकाकडून सिकलचे जनुक आणि दुसऱ्याकडून निरोगी जनुक मिळते, तो वाहक. त्याला सहसा त्रास होत नाही, उलट घातक मलेरियापासून त्याचे बरेच रक्षण होते. जंगल, पाणी आणि डास यांच्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या वाहक मुले अधिक जगली, म्हणून जनुक टिकले आणि पसरले. म्हणजे आज ज्याला आपण रक्ताचा दोष म्हणतो, तो परिस्थितीनेच निवडून ठेवलेला आहे. विदर्भात तो अनेक जाती-जमातींत आढळतो. त्याचा पावित्र्याशी किंवा कुळाच्या चांगलेपणाशी काडीचा संबंध नाही, संबंध आहे तो डासांशी.

दोन्ही पालकांकडून सिकलचेच जनुक मिळाले, तर आजार होतो. कडक झालेल्या पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. मेंदूला रक्त पुरवणाऱ्या मोठ्या वाहिन्यांच्या भिंतीही हळूहळू जाड होऊन आतला मार्ग अरुंद होतो. अमेरिकेतील एका मोठ्या पाहणीत, उपचार नसताना, तीव्र प्रकारच्या आजारातील सुमारे 11 टक्के रुग्णांना वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत पक्षाघाताचा झटका आल्याचे दिसले. त्याहून अधिक मुलांत मेंदूत बारीक बारीक इजा होतात. त्यांचा झटका येत नाही, हातपाय लुळे पडत नाहीत, फक्त लक्ष लागेनासे होते आणि गणित मागे पडते. घरच्यांना वाटते मूल आळशी झाले. शिक्षकालाही तसेच वाटण्याचा संभव असतो.

यावर उपाय आहे. मेंदूच्या वाहिन्यांतील रक्ताचा वेग डोक्यावर ठेवलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राने मोजता येतो. वेग फार वाढलेल्या मुलांना नियमित रक्त दिल्यास पहिला झटका येण्याचे प्रमाण 90 टक्क्यांहून अधिक घटते, असे 1998 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगाने दाखवले. हायड्रॉक्सीयुरिया या गोळीने दुखण्याचे झटके कमी होतात. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील डॉक्टरांनी तिच्या लहान मात्रेचा मुलांवरील उपयोग अभ्यासून प्रसिद्ध केला आहे. 1 जुलै 2023 रोजी सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू झाले. त्यात 40 वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट ठेवले आहे.

विज्ञान शिक्षकाने एक प्रयोग वर्गात जरूर करावा. दोन नाणी घ्या. छापा म्हणजे निरोगी जनुक, काटा म्हणजे सिकलचे. एक नाणे आईचे, दुसरे वडिलांचे, दोघेही वाहक. नाणी शंभर वेळा एकत्र उडवून नोंद ठेवा. दोन्ही काटे सुमारे पंचवीस वेळा येतील. मग मुलांना विचारा, पहिल्याच फेकीत दोन काटे आले, तर दुसऱ्या फेकीत ते येणार नाहीत असे म्हणता येईल का? नाही. प्रत्येक बाळंतपण ही नवी फेक असते. आणि आणखी एक विचारा, दोन काटे येण्यासाठी किती नाणी लागली? दोन. मग दोष एकट्या सुनेचा कसा?

धान, डास आणि कल्हई

भंडाऱ्याच्या परिस्थितीत मेंदूला बाधणाऱ्या इतरही गोष्टी आहेत. पाणी साचलेल्या धानाच्या बांध्यांत क्युलेक्स जातीचे डास वाढतात. डुकरे आणि बगळ्यांसारखे पाणपक्षी यांच्या शरीरातील जपानी मेंदूज्वराचा विषाणू ते माणसापर्यंत आणतात. या तापातून जगलेल्या मुलांपैकी तिसरा हिस्सा ते निम्म्या मुलांत बोलणे, चालणे, शिकणे यांत कायमचे व्यंग राहू शकते. दुसरा विषाणू तर आपल्याच भागाचे नाव धारण करतो. 1965 साली नागपूरजवळील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राला तो सापडला. चाळीस वर्षे तो निरुपद्रवी वाटला. मग 2003 मध्ये आंध्र प्रदेश आणि महाराष्ट्रात, आणि 2007 मध्ये नागपूर विभागात, त्याने मुलांचे बळी घेतले. मातीच्या भिंतींच्या भेगांत आणि गोठ्यांत राहणारी वाळूमाशी त्याची वाहक आहे. भिंतीच्या भेगा लिंपणे हे मेंदूच्या रक्षणाचे काम आहे, असे कोणी सांगितले असते तर पूर्वी हसू आले असते.

भंडारा पितळेच्या भांड्यांसाठी प्रसिद्ध आहे. पितळेच्या भांड्याला कल्हई लागते, आणि चांगली कल्हई शुद्ध कथलाची असते. कथलात स्वस्त शिसे मिसळलेले असेल, तर आंबट पदार्थाबरोबर ते पोटात जाते. प्रौढांपेक्षा लहान मूल पोटातले शिसे कितीतरी अधिक शोषून घेते, आणि ते चेतापेशींच्या जोडण्यांत कॅल्शियमच्या जागी घुसून बिघाड करते. हे कसे कळले, ती गोष्ट शिक्षकांनी तरी विसरू नये. 1970 च्या दशकात अमेरिकेत हर्बर्ट नीडलमन यांनी शाळकरी मुलांचे पडलेले दुधाचे दात गोळा करून त्यांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत जास्त, त्यांचा बुद्ध्यंक सरासरीने कमी होता. शिवाय दोन हजारांहून अधिक मुलांविषयी त्यांच्या शिक्षकांना विचारले गेले, मूल चटकन विचलित होते का, साधी सूचना पाळते का? कोणाच्या दातात किती शिसे आहे हे शिक्षकांना ठाऊक नव्हते. तरीही शिसे जसजसे वाढत गेले, तसतशी त्यांच्या उत्तरांतील तक्रार वाढत गेली. 1979 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. शिक्षकांची साधी निरीक्षणे अशा रीतीने जगभरच्या धोरणाच्या कामी आली. भारतात 1 फेब्रुवारी 2000 पासून शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले. घरगुती रंगातील शिशावरही 2017 पासून कडक मर्यादा आली. कल्हई, जुना रंग आणि बॅटरी फोडण्याचे उद्योग मात्र अजून लक्ष ठेवण्यासारखे आहेत.

आईवर आलेला आळ

सर्वांत दुःखद प्रकरण स्वमग्नतेचे आहे. 1943 साली अमेरिकेतील लिओ कॅनर यांनी अकरा मुलांचे वर्णन करून या अवस्थेला नाव दिले. पुढे मात्र असा समज पसरला की आई थंड, मायेचा ओलावा नसलेली असल्यामुळे मूल स्वतःत मिटते. ब्रूनो बेटलहाइम यांच्या 1967 मधील पुस्तकाने तो घरोघरी नेला. हजारो मातांना सांगण्यात आले की तुमच्या मुलाची ही अवस्था तुम्हीच केली. हा समज खोडण्यास आरंभ केला बर्नार्ड रिमलँड यांनी. ते मानसशास्त्रज्ञ होते आणि अशाच मुलाचे वडीलही. त्यांचे पुस्तक 1964 मध्येच आले होते. 1977 साली फोलस्टाइन आणि रटर यांनी जुळ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच बीजापासून झालेल्या 11 जोड्यांपैकी 4 जोड्यांत दोन्ही भावंडे स्वमग्न होती, वेगवेगळ्या बीजांच्या 10 जोड्यांपैकी एकाही जोडीत तसे नव्हते. आई तीच आणि घरही तेच, तरी हा फरक! जनुकांचा वाटा मोठा आहे हे त्यातून दिसले. पण तेवढेच नव्हे. समान जनुकांच्या 11 जोड्यांपैकी 7 जोड्यांत एकच मूल स्वमग्न होते, म्हणजे जनुकांपलीकडेही काही असते.

ते काही म्हणजे काय, याचे एक उत्तर रुबेला या साध्या दिसणाऱ्या पुरळाच्या तापात मिळाले. गर्भवतीला तो झाला तर बाळ मोतीबिंदू घेऊन जन्मू शकते, हे 1941 मध्ये ऑस्ट्रेलियाचे नॉर्मन ग्रेग यांनी दाखवले. बहिरेपणा, हृदयाचे दोष आणि बौद्धिक व्यंग यांची भर पुढील अभ्यासांनी घातली. 1971 मध्ये स्टेला चेस यांनी अशा मुलांत स्वमग्नताही नेहमीपेक्षा खूपच जास्त असल्याचे नोंदवले. महाराष्ट्रात 27 नोव्हेंबर 2018 पासून शाळाशाळांतून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, ती आजच्या मुलींच्या उद्याच्या बाळांसाठी होती. लसीमुळेच स्वमग्नता येते, असा दावा करणारा 1998 सालचा इंग्लंडमधील लेख खोटा ठरला आणि 2010 मध्ये तो मासिकाने मागे घेतला, हेही पालकसभेत सांगायला हवे.

आहाराचेही तसेच आहे. गर्भधारणेच्या आधीपासून फॉलिक आम्ल घेतल्यास मेंदू व मज्जारज्जूच्या नळीचे जन्मजात दोष पुन्हा होण्याचा धोका सुमारे 72 टक्क्यांनी घटतो, असे 1991 च्या आंतरराष्ट्रीय प्रयोगात दिसले. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांनी 1993 पासून पुण्याजवळील सहा गावांतील मातांचा आणि मुलांचा सतत अभ्यास केला आहे. ज्या मातांच्या रक्तात गरोदरपणी ब-12 जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि तात्पुरती स्मृती यांच्या काही चाचण्यांत मागे पडलेली आढळली. एवढ्यावरून कारण सिद्ध होत नाही, पण विचार कोणत्या दिशेने करायचा ते कळते. आणि इथेही आळ आईवर नाही. ताटात शेवटी कोण बसते आणि तिच्या वाट्याला काय उरते, हा प्रश्न घराचा आहे.

शिक्षकाच्या हातात काय आहे?

रक्त आणि माती ही दोन वेगळी खाती नाहीत. मलेरियाने सिकलचे जनुक राखले, ताटातील अन्नाने फेनिलकीटोन्यूरियाचे जनुक घातक ठरवले, मातीतील उणिवेने वंशाचा वेष घेतला. म्हणून ‘वंश की परिस्थिती’ या प्रश्नापेक्षा ‘या मुलात नेमके काय बिघडले, आणि ते केव्हा’ हा प्रश्न अधिक उपयोगी.

तो विचारण्याची यंत्रणा आज आहे. 6 फेब्रुवारी 2013 रोजी पालघर येथे सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शासकीय शाळांतील मुलांची वर्षातून एकदा आणि अंगणवाडीतील मुलांची दोनदा तपासणी अपेक्षित आहे. जन्मजात दोष, उणिवा, आजार आणि विकासातील विलंब हे चारही त्यात येतात. पुढील तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्राची योजना आहे. पथक शाळेत येईल त्या दिवशी शिक्षकाने आपले निरीक्षण लिहून ठेवलेले असावे. मूल केव्हापासून मागे पडले, ताप येऊन गेला होता का, घरी कोणाला सिकलसेल आहे का, मूल ऐकते-पाहते नीट का? दहा मिनिटांच्या तपासणीत डॉक्टरांना हे दिसू शकत नाही, वर्षभर समोर बसलेल्या शिक्षकालाच ते दिसते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातील 21 प्रकारांत बौद्धिक दिव्यांगत्व, स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता यांच्याबरोबर सिकलसेलचाही समावेश आहे, हेही पालकांना सांगावे.

आणि ज्या मुलाच्या बाबतीत कारण सापडले तरी झालेली हानी भरून येणार नाही, त्याचे काय? त्याला शिकवायचेच आहे. कारणाचा शोध पुढच्या मुलासाठी असतो, वर्गातली जागा या मुलासाठी. त्याची आई शाळेत भेटायला आली, तर ‘तुमच्याकडे असे कोणाला आहे का’ हा प्रश्न जरूर विचारावा, पण तिला बसायला खुर्ची देऊन, आणि हा प्रश्न तपासासाठी आहे, आरोप म्हणून नाही, हे आधी सांगून.